पिकअपमधील ध्वनियंत्रणा : जोडणी, हिशेब आणि मर्यादा

दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. मंडईपाठोपाठ शंकरपट येतात, नाटके येतात आणि पुढे लग्नसराई येते. आष्टी, मुलचेरा, आलापल्ली या रस्त्याने त्या दिवसांत उभे राहिले, तर धान, भाजीपाला आणि तेंदूपानाची पोती वाहणारी पिकअप गाडी एकाएकी निराळेच रूप घेऊन समोर येते. तिच्या टपावर कर्णे बांधलेले असतात, हौद्यात काळ्या रंगाच्या उंच पेट्या रचलेल्या असतात आणि गाडी दिसण्याआधीच तिचा आवाज येऊन पोचलेला असतो. कधी ती गाडी आजच्या नाटकाची वर्दी देत फिरते, कधी सुंदरनगर-विवेकानंदपूरच्या बाजूला दुर्गापूजेच्या मिरवणुकीत चालते, तर कधी वरातीपुढे उभी असते. मराठी, बंगाली, तेलुगू आणि माडिया अशा चार भाषा बोलणाऱ्या या तालुक्यात पिकअपचा आवाज मात्र सर्वांना सारखाच ऐकू येतो.

अशा गाडीत ध्वनियंत्रणा बसविणे हा आज आपल्याकडील अनेक तरुणांचा हौसेचा आणि काहींचा पोटापाण्याचाही विषय झाला आहे. परंतु हे काम बहुधा ऐकीव माहितीवर चालते. कोणी म्हणतो मोठा अँप्लिफायर घे, कोणी म्हणतो जाड तार घे. का घ्यायची, हे सहसा कोणी सांगत नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या यांत्रिक विषयात कशाला शिरावे, अशी शंका कोणी घेईल. पण ध्वनी हा जितका पदार्थविज्ञानाचा विषय आहे, तितकाच तो समाजजीवनाचाही आहे. म्हणून या लेखात प्रथम थोडा इतिहास, मग प्रत्यक्ष जोडणीचा हिशेब आणि शेवटी त्याच्या मर्यादा, या क्रमाने विचार केला आहे.

थोडा पूर्वेतिहास

ध्वनिवर्धकाचा जाहीर सभांसाठी उपयोग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाला. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम या दोघांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९१५ च्या नाताळच्या सुमारास आपले यंत्र फार मोठ्या जमावापुढे वाजवून दाखविले. १९२५ मध्ये चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि हलते वेटोळे असलेल्या ध्वनिक्षेपकाचे शास्त्र मांडले. आजचा साधा स्पीकर अजूनही त्याच तत्त्वावर चालतो. १९३० मध्ये गॅल्विन बंधूंच्या कारखान्याने मोटारीत बसणारा रेडिओ बाजारात आणला आणि पुढे त्या रेडिओचे मोटोरोला हे नावच कारखान्याला मिळाले. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि हव्या त्या गाण्याला चाके मिळाली.

परंतु आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा प्रसंग ब्राझील देशातला आहे. तेथील बाहिया प्रांतातील साल्वादोर शहरात दोदो आणि ओस्मार या दोन मित्रांनी १९५० च्या कार्निव्हल उत्सवात एका जुन्या फोर्ड गाडीवर ध्वनिक्षेपक बांधले आणि विजेवर चालणारी तंतुवाद्ये वाजवीत ते रस्त्यावरून निघाले. दुसऱ्या वर्षी त्यांनी अधिक मोठी पिकअप घेतली, सोबत तिसरा वादक घेतला आणि गाडीला ‘त्रिओ एलेत्रिको’ म्हणजे विजेवरचे त्रिकूट हे नाव पडले. जमैका बेटावरही त्याच सुमारास मालट्रकमध्ये जनित्र, तबकडीयंत्र आणि मोठे ध्वनिक्षेपक घालून गल्लोगल्ली नाचाचे मेळावे भरविण्याची प्रथा रुजली होती. आपल्याकडे नागपूर आणि छत्तीसगड भागात धुमाल हा प्रकार वाढला. ताशे, ढोल आणि विजेवरचे पॅड यांच्या जोडीला कॅसिओ घेऊन वादक गाडीवर चढले. म्हणजे मुलचेऱ्याच्या रस्त्यावर दिसणारी पिकअप एकटी नाही. तिची भावंडे जगभर आहेत.

आधी गरज, मग सामान

पहिला प्रश्न असा की आवाज कोणासाठी हवा? चालकाला केबिनमध्ये गाणी ऐकायची आहेत, गावात वर्दी द्यायची आहे, की दोनशे माणसांना नाचवायचे आहे? या तिन्ही गरजांची यंत्रणा वेगवेगळी असते. एकाच यंत्रणेत तिन्ही साधण्याच्या नादात पैसा जातो आणि एकही काम धड होत नाही.

येथे डेसिबलचे गणित समजून घेणे अगत्याचे आहे. ध्वनिक्षेपकाला एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज होतो, हा आकडा त्याच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. त्याला आपण संवेदनक्षमता म्हणू. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो आणि दसपट केली की १० डेसिबलने वाढतो. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटायचा, तर सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. उलटपक्षी मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो.

उदाहरण घेऊ. साधा शंकूचा स्पीकर ९० डेसिबलचा आहे. त्याला १०० वॅट दिले तर एक मीटरवर ११० डेसिबल होतील आणि दहा मीटरवर ९० उरतील. आता कर्णा घ्या, ज्याला आपण भोंगा म्हणतो. त्याची संवेदनक्षमता सहज १०५ डेसिबलच्या घरात असते. त्याला अवघे ३० वॅट दिले तरी एक मीटरवर सुमारे १२० आणि शंभर मीटरवर सुमारे ८० डेसिबल मिळतात. म्हणून नाटकाची वर्दी देणाऱ्याला दोन कर्णे आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा अँप्लिफायर पुरतो. हजार वॅटची गरज नसते. मात्र कर्ण्यातून जाड, खालचे स्वर येत नाहीत. बोलण्यासाठी तो उत्तम आणि संगीतासाठी अपुरा, हा त्याचा गुणदोष होय.

विजेचा हिशेब

पिकअपची सारी भिस्त बारा व्होल्टच्या बॅटरीवर असते. व्होल्ट कमी म्हणून प्रवाह जास्त, हे सूत्र येथे ध्यानात ठेवावे. समजा ३०० वॅटचा जुन्या धर्तीचा अँप्लिफायर आहे आणि त्याची कार्यक्षमता ६० टक्के आहे. म्हणजे त्याला पूर्ण आवाजात ५०० वॅट वीज लागेल. साडेबारा व्होल्टने भागले की प्रवाह येतो ४० अँपिअर. नव्या ‘डी’ वर्गाच्या अँप्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर तेच काम ३० अँपिअरमध्ये होते. गाण्यात चढउतार असल्यामुळे सरासरी ओढ याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी असते. पण तार आणि फ्यूज हे मोठ्या क्षणासाठी निवडावे लागतात.

आता तारेचा प्रश्न. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत ५ मीटर तार लागते असे धरू. ४ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून ४० अँपिअर गेले, तर वाटेतच सुमारे ०.८७ व्होल्ट खर्ची पडतात आणि त्या तारेत सुमारे ३५ वॅट उष्णता निर्माण होते. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट ०.२२ व्होल्टवर येते आणि उष्णता ९ वॅटच्या आत राहते. मिस्त्री ‘जाड तार घ्या’ म्हणतो त्याचे कारण हे आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तारही स्वस्तात मिळते. ती घ्यायची झाल्यास जाडी आणखी वाढवावी लागते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

इंजिन बंद ठेवून गाणी वाजविण्याची सवय घातक आहे. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज स्थिर अवस्थेत १२.६ च्या आसपास असते. ते १२.२ वर आले की निम्मी शक्ती संपली असे समजावे. साधी शिशाची बॅटरी वारंवार याखाली उतरविली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते आणि रात्री जंगलाच्या रस्त्यावर स्टार्टर फिरत नाही तेव्हा त्याची किंमत कळते. इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळतात. पण अल्टरनेटरची, म्हणजे आपले मिस्त्री ज्याला डायनामो म्हणतात त्याची, क्षमता त्यावरील पट्टीवर वाचूनच अँप्लिफायर निवडावा. दिवे, वायपर आणि पंखा यांची गरज त्यातून आधी वजा करावी.

जोडणीचा क्रम

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण बाजू सोडून ठेवावी. मग धन बाजूपासून मुख्य तार काढावी आणि बॅटरीपासून एका फुटाच्या आत फ्यूज बसवावा. हा फ्यूज अँप्लिफायरच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वरच्या उदाहरणातील १६ चौरस मिलिमीटरच्या तारेला ५० अँपिअरचा फ्यूज योग्य होईल.

येथे एक घरचा अनुभव सांगणे भाग आहे. माझ्या मोठ्या भावांनी आमच्या पिकअपमध्ये पहिल्यांदा यंत्रणा बसविली, तेव्हा फ्यूज ‘नंतर लावू’ म्हणून राहून गेला. तार इंजिनाच्या बाजूने केबिनमध्ये नेताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच घातले नव्हते. तीन आठवडे गाडी खडबडीत रस्त्यावर हिसके खात चालली, पत्र्याच्या धारेने तारेचे वेष्टण कापले आणि एका रात्री घोटकडून परतताना केबिनमध्ये धूर भरला. पाना हाताशी होता म्हणून बॅटरीची जोडणी वेळीच सुटली. दोन रुपयांचे बूच आणि एक फ्यूज यांअभावी घरची कमावती गाडी जळण्याच्या बेतात होती. चूक कोणा दुकानदाराची नव्हती, आमचीच होती.

तेव्हा तार जेथे जेथे पत्र्यातून जाईल, तेथे रबरी बूच घालावे. सायलेन्सर आणि फिरते भाग यांपासून तार दूर ठेवावी आणि हातभर अंतरावर पट्ट्यांनी ती जखडावी. पिकअपमध्ये केबिन आणि हौदा हे चासीवर रबरी बैठकींवर बसविलेले असतात. त्यामुळे हौद्याच्या पत्र्याला ऋण तार जोडून भागत नाही. ती सरळ चासीला जोडावी. जोडणीच्या जागी रंग खरवडून चकचकीत लोखंड उघडे करावे, दातेरी वायसरसह बोल्ट आवळावा आणि वर ग्रीस लावावे. बॅटरीच्या ऋण टोकापासून चासीपर्यंतची मूळ तारही तेवढीच जाड करावी. निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ या ऋण जोडणीतच सापडते.

गाण्याचा संकेत वाहून नेणारी बारीक तार गाडीच्या एका बाजूने आणि विजेची जाड तार दुसऱ्या बाजूने न्यावी. दोन्ही एकत्र बांधल्या, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येते. स्पीकरची धन-ऋण बाजू न चुकता जुळवावी. खूण पुसली असेल तर दीड व्होल्टचा घट क्षणभर लावून पाहावे. शंकू बाहेर आला तर घटाची धन बाजू ज्या टोकाला लागली तेच स्पीकरचे धन टोक. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर दोघांचे खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मालक मात्र अँप्लिफायरला दोष देत राहतो. तसेच ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात आणि ४ ओहमचे दोन जोडले की २ ओहम. अँप्लिफायर किती ओहमपर्यंत झेपतो हे पाहिल्याशिवाय तिसरा स्पीकर लावू नये.

पेटीविषयी

पेटी म्हणजे केवळ स्पीकर ठेवण्याचे खोके नव्हे. शंकूच्या पुढे जसा ध्वनी निघतो तसाच मागेही निघतो आणि तो उलट्या दिशेचा असतो. दोन्ही मिसळले तर खालचे स्वर नाहीसे होतात. पेटी ही मागची लाट कोंडते. केबिनमध्ये आसनामागे जागा अरुंद असते. तेथे आतून ६० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर खोल आणि ३० सेंटिमीटर उंच पेटी केली, तर तिचे आकारमान २१.६ लिटर होते. कमी खोलीचा दहा इंची स्पीकर बंद पेटीत बसवायला हे बहुधा पुरते. तरी त्याच्या पत्रकातील आकडा पाहूनच करवत चालवावी. १८ मिलिमीटरचा प्लायवूड वापरल्यास बाहेरची मापे ६३.६, १५.६ आणि ३३.६ सेंटिमीटर येतील, हेही आधी जागेवर मोजून घ्यावे.

आपल्या हवामानात भुश्श्याचे दाबलेले फळे टिकत नाहीत. पावसाळ्यातील ओल त्यांना फुगविते. पाण्यात टिकणारा प्लायवूड, कडांना डिंक आणि स्क्रू, सांध्यांना आतून लांबी आणि बाहेरून रंग, अशी पेटी वर्षानुवर्षे चालते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा अँप्लिफायर बंद कप्प्यात कोंडू नये. त्याच्या पंखांमधून हवा खेळली पाहिजे आणि तांबडी धूळ महिन्यातून एकदा झटकली पाहिजे.

हौद्यातील मोठ्या पेट्यांचा विचार वेगळा आहे. केबिनच्या कोंडलेल्या जागेत खालच्या स्वरांना आपोआप जोर मिळतो, तसा उघड्या हौद्यात मिळत नाही. म्हणून तेथे पेट्यांची संख्या वाढत जाते आणि मग बॅटरी सोडून २३० व्होल्टचे जनित्र घ्यावे लागते. येथे धोका दुसऱ्या प्रतीचा आहे. बारा व्होल्ट माणसाला सहसा मारीत नाहीत, २३० व्होल्ट मारतात. ३० मिलिअँपिअरवर तुटणारा संरक्षक स्विच, जनित्राच्या नियमाप्रमाणे अर्थिंग आणि कोरड्या, न उघडलेल्या तारा यांखेरीज असे जनित्र चालवूच नये. रचलेल्या पेट्यांची उंची वाढली की वळणावर गाडी कलंडण्याचा संभव वाढतो आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा जवळ येतात. पेट्यांच्या उतरंडीवर माणूस उभा करणे हे तर साक्षात मृत्यूला बोलावणे होय.

आवाज लावण्याची रीत

सर्व जोडून झाल्यावर अँप्लिफायरचा गेन अगदी कमी ठेवावा. ओळखीचे गाणे लावून वादकयंत्राचा आवाज तीन-चतुर्थांशापर्यंत न्यावा आणि मग गेन हळूहळू वाढवावा. स्वर फाटू लागला की थांबून थोडे मागे यावे. गेन ही आवाज वाढविण्याची कळ नसून दोन यंत्रांचा मेळ घालण्याची कळ आहे. फाटक्या आवाजावर बराच वेळ वाजविले, तर बारीक स्वरांचे ट्वीटर आधी जळतात. शेवटी मोठ्या आवाजात गाणे चालू असता बॅटरीवर आणि अँप्लिफायरवर व्होल्टेज मोजावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टहून अधिक अंतर असेल तर तार किंवा जोडणी सदोष आहे असे समजावे.

मर्यादा

यंत्रणा उत्तम बसली म्हणून ती कितीही वाजवावी असे होत नाही. आपल्या अंतर्कर्णात प्रत्येक बाजूस सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाज आठ तासांपर्यंत सोसण्याजोगा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला एक तास आणि १०० ला केवळ पंधरा मिनिटे. वरातीपुढील पिकअपजवळ चार तास उभ्या राहणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. असे नुकसान बहुधा चार हजार कंपनांच्या आसपासच्या उंच स्वरांपासून सुरू होते. स, श, त, थ ही व्यंजने पुसट होतात आणि ‘सात’ म्हटले की ‘आठ’ हे विचारण्याची पाळी येते. आमच्या भावांना दोन हंगामांनंतर रात्री कानात शिट्टी ऐकू येऊ लागली. ‘रातकिडे आहेत’ असे ते म्हणत. ऐन उन्हाळ्याच्या दुपारीही ते रातकिडे थांबेनात, तेव्हा ते डॉक्टरांकडे गेले. आता ते कापसाऐवजी योग्य बुचे कानात घालतात. पण गेले ते परत आलेले नाही.

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक जागी तो बंद ठेवावा लागतो. केवळ वर्षातील मोजक्या सणांच्या दिवशी शासन मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. वस्तीच्या भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शासनाला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज आसपासच्या ठरलेल्या मर्यादेहून १० डेसिबलपेक्षा अधिक किंवा ७५ डेसिबलपेक्षा अधिक, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे जाऊ नये असे सांगितले. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई करते. तेव्हा हौदा कापण्यापूर्वी आणि वाढविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे आहे.

कायद्यापलीकडचीही एक बाजू आहे. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमाजवळ १९८६ पासून चपराळा अभयारण्य आहे. ज्या रस्त्यांनी आपल्या पिकअप जातात त्यांच्या कडेला चितळ, सांबर आणि पाखरे राहतात आणि त्यांचे जगणे कानावर अवलंबून असते. गाव संपले की आवाज बंद करणे एवढा संयम चालकाला अवघड नाही. शिवाय आपला स्वतःचा नादही आहे. रेलाच्या गाण्यांत दहा-पंधरा मुली हात गुंफून गातात, तेव्हा प्रत्येकीला शेजारणीचा श्वास ऐकू येतो. दंडारीतला नट विनाध्वनिक्षेपक शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा याच भूमीतल्या मानवी आवाजाचा गौरव झाला. ज्या पिकअपने नाटकाची वर्दी दिली तिनेच नाटकाच्या वेळी शेजारच्या मांडवात गोंगाट करावा, यासारखा विपर्यास नाही.

उपसंहार

तात्पर्य, चांगली ध्वनियंत्रणा म्हणजे मोठी ध्वनियंत्रणा नव्हे. गरज ओळखून निवडलेला ध्वनिक्षेपक, हिशेबाने घेतलेली तार, बॅटरीजवळचा फ्यूज, घट्ट पेटी आणि हाताशी ठेवलेला संयम, या पाच गोष्टी जिच्यात आहेत ती यंत्रणा खरी. आमच्या पिकअपमध्ये आज दोन कर्णे, केबिनमध्ये एक छोटी पेटी आणि दारात दोन स्पीकर एवढेच आहे. हौद्यात पुन्हा धान जाते, भाजी जाते. नाटकाच्या दिवसांत ती वर्दी देत फिरते आणि गावची शेवटची झोपडी मागे पडली की भाऊ हात लांब करून कळ फिरवितात. मग काही वेळ इंजिनाचाच आवाज ऐकू येतो आणि उतारावर इंजिन हळू झाले की रानातला. त्यातले खरे रातकिडे कोणते आणि कानातले कोणते, हे भावांना आता सांगता येत नाही. जो तरुण या हंगामात आपली पहिली पेटी बांधायला बसणार आहे, त्याला हा फरक म्हातारपणापर्यंत सांगता यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.